मागचा खांदा

९ ऑक्टोबर, सोमवार

फूबाईंनी आज ही वही दिली. त्या आमच्या भागाच्या सांस्कृतिक केंद्रात काम करतात. ओझी वाहण्यावरून लोकांच्या बोलण्यात जे जे शब्द आलेत त्यांचं एक छोटं पुस्तक काढायचं त्यांच्या मनात आहे. म्हणाल्या, "मोउ आजोबा, तुम्ही तीस वर्षं ओझी घेऊन छोंगछिंग शहराच्या पायऱ्या चढलात. आठवेल तो शब्द लिहा, पुढे अर्थ लिहा. अक्षर अडलं तर गोल काढा, मी भरून घेईन."

मी तिसरीपर्यंत शिकलो. वहीत गोलच जास्त होणार.

पुढच्या बाजूने त्यांचे शब्द लिहीन, मागच्या बाजूने माझं. वही परत देताना मागची पानं फाडायची विसरू नये. आधीच लिहून ठेवतो, कारण विसरेन.

आजचे शब्द. पालखी उचलणे: साहेबाची हांजी हांजी करणे. तुळई खांद्यावर घेणे: घरातला किंवा कामातला मुख्य भार आपण उचलणे. गाठोडं वाहणे: जुनी गोष्ट मनात घेऊन कुढत बसणे. कावड टाकणे: काम अर्ध्यात सोडून निघून जाणे. आणखी एक आठवला, काळी कढई पाठीवर घेणे. त्याचा अर्थ नंतर लिहीन. जागा सोडली आहे.

तेवीस तारखेला ज्येष्ठांचा सण. त्या दिवशी मी आणि माझा जुना जोडीदार श्यांगदादाने मीठघाटाच्या पायऱ्यांवरून एक पेटी दांड्याला बांधून जुन्या हाका देत वर न्यायची, आणि फूबाई ते चित्रित करणार. मी नको म्हटलं. एकाहत्तर वय, रक्तदाब, आणि माझा कान. श्यांगदादा म्हणाला, "कान मी सांभाळतो. तू पाय आण." चहाच्या दुकानात बसलेले सगळे हसले. मीही हसलो. पण मला भीती वाटते.

गॅस बंद केला का ते दोनदा पाहून आलो.

१० ऑक्टोबर

फूबाईंनी हाकांबद्दल विचारलं होतं, ते पुढच्या बाजूला लिहिलं. इथेही लिहितो, म्हणजे माझी उजळणी होईल.

दोघांनी मिळून एक ओझं दांड्यावर न्यायचं तर मागच्याला पायाखालचं दिसत नाही, ओझं डोळ्यांपुढे लटकत असतं. म्हणून पुढचा वाट सांगतो आणि मागचा ओ देतो. डबकं आलं की पुढचा म्हणतो, "पायाशी आरसा!" मागचा म्हणतो, "तोंड नको बघू!" वर वाळत घातलेले कपडे आले की, "वरून सासू!" "मान खाली!" पायरी सुटी असली की, "दात हलतोय!" "जीभ नको लावू!"

मागच्याची ओ आल्याशिवाय पुढचा पाऊल उचलत नाही. आणि पुढचा गप्प असला म्हणजे वाट साफ. नियम हे दोनच. नवा माणूस दांड्याला खांदा लावतो तेव्हा आधी हे शिकतो, ओझं नंतर.

ते लिहिलं आणि फ्रिज आठवला. सव्वीस वर्षं होतील परवा. नवा कोरा फ्रिज, दाराचा कागदही काढलेला नव्हता. मीठघाटाच्या पायऱ्या चढत होतो. श्यांगदादा पुढे, मी मागे. चढणीला मागच्यावर जास्त येतं, आणि मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी तरुण, म्हणून नेहमी मीच मागे. आमच्या खाली तीन पायऱ्यांवर आमच्यातलाच एक हमाल थान, संत्र्यांची कावड घेऊन. तेव्हा श्यांगदादाने पेजर घेतला होता, घाटावरच्या हमालांत पहिला. कमरेला लावून मिरवायचा. तो पेजर चिमणीसारखा वाजला, तेवढं मला पक्कं आठवतं. मग माझ्या पायाखालचा दगड फिरला, दोर निसटला, आणि फ्रिज थानवर गेला. संत्री खाली नदीपर्यंत घरंगळत गेली. थानचा उजवा पाय कायमचा कामातून गेला.

श्यांगदादाने "दात हलतोय" म्हटलं होतं. मला ऐकू आलं नाही, मी ओ दिली नाही. थाननेही सांगितलं की हाक त्याने ऐकली. दोघं सांगतात म्हणजे झालंच असणार. तेव्हापासून माझा डावा कान अधू आहे.

श्यांगदादा मोठ्या मनाचा. तो आम्हा हमालांचा मुकादम. घाटावर सगळ्यांना म्हणाला, "त्याला बोलू नका, कान बिचाऱ्याचा." त्यानंतर माझ्यासोबत दांडा लावायला कुणी तयार होईना. मी एकट्यानेच कावड वाहिली. पण श्यांगदादाने कधी तो विषय काढला नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

१२ ऑक्टोबर

थानकडे तांदूळ नेण्याचा दिवस. दर महिन्याच्या बारा तारखेला नेतो. तो चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि त्याच्या पायाने पिशवी चढत नाही. माझ्यामुळे चढत नाही, तर मी नेणार. पूर्वी एका दमात जायचो. आता दर मजल्याला थांबतो.

दुसऱ्या मजल्यावर दम खात बसलो होतो तर वरून श्यांगदादाचा आवाज. हळू बोलत होते दोघं.

"आता उकरून काय मिळणार तुला?" श्यांगदादा.

"मला त्याचा तांदूळ घशाखाली जात नाही, दादा. किती वर्षं झाली."

"मग गिळ पाण्याबरोबर. सण होऊ दे."

मी खोकलो, आवाज केला, मग वर गेलो. श्यांगदादा लगेच उठला, पाठीवर थाप मारून म्हणाला, "आला बघ, भातवाला." आणि गेला. थान माझ्याकडे बघेना. "मोउदादा, हे नका आणत जाऊ आता," म्हणाला. तो नेहमीच असं म्हणतो. मी पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि निघालो.

फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्याला हलका तांदूळ खायला घालतोय आणि तो बिचारा संकोचाने बोलला नाही.

१३ ऑक्टोबर

बाजारात जाऊन ईशान्य चीनकडचा चांगला तांदूळ आणला, दहा किलो. पुढच्या महिन्यात हा नेईन. दाराशी ठेवला आहे. उंदीर लागू नये म्हणून खाली पत्रा घातला.

शब्द: दांडा उचलणे म्हणजे उगाच वाद घालणे. हमालाच्या दांड्याशी त्याचा संबंध काय ते मला सांगता येत नाही. दोन माणसं आणि एक दांडा असला की वाद होणारच, एवढंच.

१५ ऑक्टोबर, रविवार

चहाच्या दुकानात फूबाई आल्या, सोबत चित्रणाचं यंत्र. श्यांगदादा रंगात आला होता. पंचाहत्तरीतही त्याचा आवाज घाटभर जातो. त्याने त्यांना हमाल लग्नाची पालखी कशी मुद्दाम हलवायचे आणि आतली नवरी कशी शिव्या द्यायची ते सांगितलं. फूबाई हसून हसून लाल झाल्या.

मग वहीची पुढची पानं चाळून त्यांनी विचारलं, "आणि काळी कढई पाठीवर घेणे? वहीत तो शब्द आहे, पण पुढे रिकामं आहे."

श्यांगदादाच्या हातातला पेला कलंडला. चहा माझ्या पायजम्यावर. "म्हातारपण!" म्हणाला, आणि दुकानदारीणबाईंना फडकं आण म्हणून ओरडला. मग म्हणाला, "तो शब्द काय, सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्याचा दोष आपल्यावर घेणे. पुढचा विचारा."

मी फूबाईंना म्हटलं, "तो शब्द मला नीट लिहिता येणार नाही. माझ्या पाठीवर आहे ती कढई माझीच आहे."

त्यांना काही कळलं नाही. श्यांगदादा फडक्याने टेबल पुसत राहिला. टेबलावर चहा सांडलाच नव्हता.

पायजम्याचा डाग गेला नाही. तांदळाच्या पाण्यात भिजवला आहे.

१७ ऑक्टोबर

वस्तीच्या दवाखान्यात सणानिमित्त म्हाताऱ्यांची फुकट तपासणी. रक्तदाब वाढलेला, ते माहीतच होतं. मग कानाच्या खोलीकडे पाठवलं. मी म्हटलं, नको, डावा अधू आहे ते मला माहीत आहे, तपासून काय करायचं. इतकी वर्षं म्हणूनच कधी गेलो नाही. डॉक्टरीणबाई तरुण आणि खमकी. "आजोबा, रांगेत पन्नास माणसं आहेत. आत बसा."

लहान खोली, जाड भिंती. कानांवर टोप्या घातल्या. आवाज आला की बटण दाबायचं. टीं. टीं. आधी मोठा, मग बारीक, मग इतका बारीक की तो आहे की माझ्या मनात वाजतोय तेच समजेना. तरी मी दाबत राहिलो.

डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "डावा कोण म्हणतं अधू? दोन्ही साठीच्या माणसाचे आहेत. माझ्या वडिलांना द्या एखादा."

मी विचारलं, "अधू कान आपोआप बरा होतो का?"

"असा नाही होत."

"सव्वीस वर्षांत?"

"आजोबा, हा कान कधी बिघडलेलाच नाही. पुढे कोण आहे?"

घरी येऊन बसलो. बायको जिवंत होती तेव्हा म्हणायची, मी मनात बोलले तरी तुला ऐकू येतं. मला वाटायचं ती समजूत घालते आहे.

टीं. पेजर तसाच वाजायचा. बारीक. तो मला ऐकू आला होता.

१८ ऑक्टोबर

काही केलं नाही. गॅस बंद आहे. तीनदा पाहिला.

असंही असेल की वारा होता. वाऱ्याने हाक खाली आली नसेल. पण पेजरचा आवाज तर केवढा बारीक, आणि तोही श्यांगदादाच्या कमरेशी, त्याची पाठ माझ्याकडे. तो आवाज आला आणि हाक नाही आली. असं कसं होईल? श्यांगदादा उभा घाट हलवून टाकेल असा ओरडायचा.

तो माणूस असं करणार नाही. माझ्या बायकोच्या अंत्यविधीला तो तीन दिवस माझ्या घरी झोपला होता.

१९ ऑक्टोबर

थानकडे गेलो. बारा तारीख नव्हती, हातात काही नव्हतं. घाटाच्या पायथ्याशी त्याची किल्ल्यांची टपरी आहे. तो किल्ली घासत होता. मला बघून यंत्र बंद केलं.

मी म्हटलं, "दवाखान्यात गेलो होतो. माझे कान चांगले आहेत."

तो हातातली किल्ली पुसत राहिला.

"थान, त्याने हाक दिली होती का?"

त्याने किल्ली खाली ठेवली. मग म्हणाला, "पेजर वाजला. त्याने मान खाली घालून नंबर पाहिला. हाक नाही दिली."

"तू सांगितलंस की ऐकलीस."

"तो दवाखान्यात तुमच्या आधी आला, मोउदादा. माझी पट्टीही पुरती बांधून झाली नव्हती. म्हणाला, तुझा पाय तर गेला. आता माझं मुकादमपण गेलं तर तुला एखादी टपरी कोण मिळवून देणार? मोउला कोण काही करत नाही, लोक दोन दिवस बोलतील आणि विसरतील." थानने तोंडावरून हात फिरवला. हात काळा होता, तोंड काळं झालं. "मला वाटलं खरंच विसरतील. मग तुम्ही तांदूळ घेऊन आलात."

"आणि तू घेतलास."

"मी किती वेळा म्हटलं, नका आणू!"

"नका आणू म्हणालास. का ते म्हणाला नाहीस."

एक बाई कुलूप घेऊन आली. तिला किल्ली लगेच हवी होती. थानने यंत्र सुरू केलं. मी निघून आलो. महिन्याला एकदा म्हटलं तरी तीनशेच्या वर वेळा मी त्याच्याकडे पिशवी नेली, आणि माझी पावलं खालून वर येताना तो दर वेळी ऐकत बसलेला असणार.

२१ ऑक्टोबर

श्यांगदादा आला, खारे शेंगदाणे घेऊन. थानने त्याला काही सांगितलेलं दिसत नाही. सरावाला चल म्हणाला. मला त्याच्या तोंडावर बोलता येईना. सव्वीस वर्षं मी त्याच्यापुढे मान खाली घालून बोलतोय, मानेला तीच सवय. मी शेंगदाणे सोलून त्याच्या पुढ्यात ठेवत होतो. हेही नंतर लक्षात आलं.

शेवटी एवढंच म्हटलं, "परवा मी पुढे राहणार."

"तू?" तो हसला. "तुला वाट दिसते का? चष्म्याला दोरी बांधून फिरतोस."

"दिसते."

"चढणीला मागे जास्त येतं, बाबा. मी तुझ्यापेक्षा मोठा आहे."

"पेटीत फूबाईंनी विटा कमी घातल्यात."

"दांडा उचलू नकोस उगाच."

"मी पुढे, नाहीतर येत नाही."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पटकन शेंगदाणे तोंडात टाकले. "बरं. पुढे तर पुढे. एवढं काय त्यात."

२३ ऑक्टोबर, ज्येष्ठांचा सण

आजच लिहिलं पाहिजे.

मीठघाटावर शंभरेक माणसं होती. शेवंतीच्या कुंड्या मांडल्या होत्या. थान टपरीशेजारी काठीवर टेकून उभा होता. पेटी बांधली. दोर मी दांड्याच्या मधोमध ठेवला. पूर्वी मी तो वीतभर माझ्याकडे ओढून घ्यायचो, म्हणजे श्यांगदादाला हलकं जायचं. आज हात त्या सवयीने दोराकडे गेला. मी तो मागे घेतला.

निघालो. मी एकही गोष्ट सोडली नाही. "पायाशी आरसा!" "तोंड नको बघू!" कपडे नव्हते, सणाच्या पताका होत्या. "वरून सासू!" "मान खाली!" लोक टाळ्या वाजवत होते. त्याचा आवाज अजून चांगला आहे. मला वाटलं होतं मी पुढे घाबरेन. पण पुढे सगळं दिसतं. पुढे असणं किती सोपं असतं ते मला इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं.

मग ती पायरी आली. आता तिथे सिमेंट आहे, दगड हलत नाही. मी थांबलो आणि म्हटलं, "दात हलतोय!"

मागून ओ आली नाही.

ओ आल्याशिवाय पुढचा पाऊल उचलत नाही. मी उभा राहिलो. दांडा खांद्यावर, पेटी मध्ये लटकलेली. आणि तिथे उभा असताना माझ्या ध्यानात आलं की त्या दिवशी त्याने हाक दिली असती आणि मी ओ दिली नसती, तर तोही असाच उभा राहिला असता. राहावंच लागलं असतं. म्हणजे माझे कान बहिरे असते तरी तो फ्रिज पडायला नको होता. हा नियम मी माझ्या हाताने याच वहीत लिहिला आहे. घाटावरच्या प्रत्येक हमालाला तो पाठ होता. आणि एकही जण माझ्याजवळ येऊन तसं बोलला नाही.

मी पुन्हा म्हटलं, "दात हलतोय!"

लोक गप्प झाले. त्यांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे. मागे श्यांगदादाचा श्वास घरघरत होता. मग तो अगदी हळू बोलला, "नव्हतं म्हटलं मी."

मी ऐकलं. अक्षर अन् अक्षर ऐकलं.

मी म्हटलं, "माझा कान अधू आहे, दादा. मोठ्याने बोल."

"मोउ, ओझं आहे खांद्यावर."

"मोठ्याने."

"नव्हतं म्हटलं!" त्याचा आवाज घाटावरून खाली गेला. "हाक दिलीच नव्हती मी! झालं? पेजर बघत होतो! उचल आता पाय!"

टाळ्या थांबल्या होत्या. कुणी जुना हमाल खाली खाकरला. थानने तोंड फिरवलं.

मी पाय उचलला नाही. पेटी जपून पायरीवर टेकवली, खाली दगड लावला, घसरू नये म्हणून. दांडा खांद्यावरून काढला. चढणीच्या मध्ये ओझं टाकून हमाल जात नाही. मी गेलो. त्याच्याशेजारून उतरताना तो म्हणाला, "अरे, मी तुला कधी एका शब्दाने तरी बोललो का?" त्याला ते खरंच मोठं वाटत असावं. मला परवापरवापर्यंत वाटत होतं.

२५ ऑक्टोबर

फूबाई घरी आल्या. चित्रणाचा शेवटचा तुकडा पुस्तकाबरोबर ठेवायचा की काढायचा, विचारत होत्या. "श्यांग आजोबा म्हणतात काढा, तब्येत बरी नव्हती म्हणून भलतंच बोललो. तुम्ही काय म्हणता?" मी म्हटलं, ठेवा.

उद्या त्यांना वही द्यायची, त्याआधी रिकामी जागा भरली. काळी कढई पाठीवर घेणे: दुसऱ्याचा दोष आपण वाहणे. कढई पाठीमागे असते, त्यामुळे वाहणाऱ्याला ती दिसत नाही. रस्त्यावरच्या बाकी सगळ्यांना दिसते.

हे लिहिताना एकही गोल काढावा लागला नाही. मागची पानं आता फाडतो आहे.

श्यांगदादाने दोनदा निरोप पाठवला. थान स्वतः जिन्यापर्यंत आला होता म्हणे, शेजारीण सांगत होती. तिला सांगायची गरज नव्हती. मला काठीचा आवाज पहिल्या पायरीपासून येत होता. तो वर चढला नाही, मी खाली गेलो नाही.

दाराशी ठेवलेली पिशवी उघडली. वाटीभर तांदूळ धुतला, भात लावला, मुरवलेल्या मोहरीच्या पानांबरोबर जेवलो. भात चांगला झाला. पण आधीचा तांदूळही काही वाईट नव्हता.